प्रवाळ लावणं आणि प्रवाळ राखणं

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मकासर हे मोठं बंदर आहे. त्याच्या समोरच्या समुद्रात स्पर्मोंडे नावाचा लहान लहान बेटांचा पुंजका पसरलेला आहे. इथे अनेक दशकं स्फोटाची मासेमारी चालली. बाटलीत खत आणि रॉकेल भरायचं, वात पेटवायची, बाटली पाण्यात टाकायची आणि तरंगत वर आलेले मासे गोळा करायचे. मासे एका दिवसाचे मिळायचे, खालचा प्रवाळ मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा जायचा. शेकडो वर्षांत उभ्या राहिलेल्या चुनखडीच्या रचनेचा चुरा होतो आणि तो लाटांबरोबर तळावर लोळत राहतो. वाहत आलेली प्रवाळाची अळी त्यावर बसली, तरी पुढच्या उधाणात तुकडा उलटतो आणि ती खाली चिरडली जाते. म्हणून स्फोट थांबल्यावरही अशी जागा वर्षानुवर्षं उजाड राहते. शेजारी हातभर अंतरावर जिवंत प्रवाळ असला तरी.

इथे गेल्या काही वर्षांत एक अगदी साधा उपाय झाला. लोखंडी सळ्यांच्या षटकोनी चौकटी करायच्या, त्यांना राळ आणि वाळूचा लेप द्यायचा, प्रत्येकीवर प्रवाळाचे पंधरा तुकडे बांधायचे आणि या चौकटी एकमेकींना जोडून चुऱ्यावर अंथरायच्या. चौकटीच्या वजनाने आणि विणीने चुरा हलायचा थांबतो, तुकडे वाढत जातात, फांद्या एकमेकींत गुंततात. चौकटी तयार करणारे, लेप देणारे आणि तुकडे बांधणारे बहुतेक हात बेटांवरच्याच लोकांचे आहेत. एक्सेटर विद्यापीठाच्या इनेस लांगे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त या जागांचा चुनखडीचा जमाखर्च मांडला: वर्षाला किती चुना बनतो आणि किती झिजतो. लावणीनंतर चार वर्षांनी हा जमाखर्च शेजारच्या धडधाकट प्रवाळाच्या बरोबरीला आला होता. पण लावलेला प्रवाळ बहुतांशी फांदीसारखा, झटपट वाढणारा होता. गोल, दगडासारख्या, सावकाश वाढणाऱ्या जाती तिथे अजून फारशा नाहीत, आणि उष्णतेला सगळ्यात आधी बळी पडतात त्या या फांदीवाल्याच. चार वर्षांच्या यशाला ही तळटीप जोडूनच ते वाचावं लागतं.

ती तळटीप किती महागात पडू शकते हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाने दाखवलं. तिथे प्रवाळाची लागवड जगात सर्वाधिक जुन्या आणि सर्वाधिक शिस्तीच्या लागवडींपैकी एक. १९८०च्या आसपास आलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने तिथल्या सांबरशिंगी आणि एल्कशिंगी या दोन मुख्य जाती जवळजवळ संपवल्या. त्या परत आणायला पाण्यात नळ्यांची झाडं उभी करून त्यांवर तुकडे टांगणाऱ्या रोपवाटिका निघाल्या, हजारो हौशी पाणबुडे कामाला लागले. २०१९ मध्ये सात निवडक खडकांसाठी मोठी सरकारी योजना जाहीर झाली. मग २०२३चा जुलै उजाडला. मॅनटी बे या उथळ उपसागरातल्या तापमापकाने ३८.४ अंश सेल्सिअस दाखवलं. ही गढूळ, कोंडलेल्या पाण्याची जागा, तिचा आकडा खुल्या समुद्राला लावता येत नाही हे खरं. पण खडकांवरचं पाणीही प्रवाळाच्या सोसण्यापलीकडे गेलं होतं. सात खडकांपैकी सोंब्रेरो या एका ठिकाणी लावलेल्यांपैकी एकही तुकडा जिवंत दिसला नाही. रोपवाटिकांतली हजारो रोपं बादल्यांत आणि टाक्यांत भरून जमिनीवरच्या प्रयोगशाळांत हलवावी लागली. २०२५च्या ऑक्टोबरात ‘सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीने सांगितलं की फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगास भागात या दोन्ही जातींच्या वसाहती ९८ ते १०० टक्के मेल्या. म्हणजे इथल्या निसर्गात ज्या जातींनी खडक उभारायचा, त्यांचं ते कामच थांबलं.

दोन्ही ठिकाणी पैसा होता, कौशल्य होतं, माणसं जीव ओतून काम करत होती. फरक जखमेत होता. स्पर्मोंडेत घाव घालणारा हात थांबला होता, फ्लोरिडात तो थांबलेलाच नव्हता. प्रवाळ-पुनर्स्थापनेवर आज जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात तंत्र कोणतं यावर फार भर असतो आणि जखम कशाची यावर फार कमी. माझ्या मते सगळा आढावा उलट टोकाने घ्यायला हवा.

प्रवाळ हा जेलीफिशच्या नात्यातला प्राणी. एकेक जीव काही मिलिमीटरचा, पण लाखो जीव एकमेकांना चिकटून चुन्याचं घर बांधत राहतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवळलं तर सावरतो. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था उपग्रहांवरून ‘उष्ण आठवडे’ मोजते. चार भरले की विरंजन, आठ भरले की मृत्यू, असा साधारण हिशेब. २०२३च्या उन्हाळ्यात कॅरिबियनमधले आकडे इतके वर गेले की इशाऱ्याच्या पट्टीत नव्या पायऱ्या घालाव्या लागल्या. जागतिक पातळीवरचं विरंजन १९९८, २०१० आणि २०१४-१७ असं तीनदा झालं. चौथं २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५च्या वसंतापर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला त्याची झळ पोचली होती. आकडा विरंजनाच्या उष्णतेचा आहे, मृत्यूचा नाही. बातम्यांत हे दोन सर्रास एक केले जातात.

हा प्राणी वाचवायची धडपड आजची नाही आणि सगळीच शहाणपणाची होती असंही नाही. १९७२च्या सुमाराला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात सोडले गेले. मासे राहायला येतील, कचऱ्याचीही सोय लागेल, अशी दुहेरी हुशारी होती. बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या, टायर सुटले आणि वादळांत लोळत जवळचा खरा प्रवाळ फोडत सुटले. ते बाहेर काढायचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे. कृत्रिम रचना म्हणून समुद्रात काहीही टाकायला निघणाऱ्यांनी या टायरांची गोष्ट आधी वाचावी.

आजच्या पद्धतींचं मूळ इस्रायलचे बारुख रिन्केविच यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ‘प्रवाळ-बागकामा’त आहे: तुकडे आधी रोपवाटिकेत वाढवायचे, मग खडकावर लावायचे. दोरीवर, जाळीवर, नळीवर, कशावरही ते वाढतात, कारण तुटलेल्या फांदीतून नवी वसाहत होणं हा प्रवाळाचा स्वभावच आहे. वादळात तो असाच पसरतो. अडचण सावकाश वाढणाऱ्या जातींची होती. तिथे फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेच्या डेव्हिड वॉन यांना एक वाट चुकून सापडली. टाकी हलवताना एक वसाहत फुटली, तळाला चिकटून राहिलेले तिचे कण मेले असतील असं त्यांना वाटलं, आणि थोड्याच दिवसांत ते कण भराभर वाढलेले दिसले. ताजा काप झाला की प्रवाळ जखम भरायच्या घाईने वाढतो. मग करवतीने सेंटिमीटरभराचे चौकोन पाडून एकाच वसाहतीचे कण शेजारी शेजारी चिकटवायचे. ते एकमेकांना ओळखतात आणि जुळून एक होतात. नेहमीच्या कितीतरी पट वेगाने मोठी वसाहत मिळते. गेल्या वीस वर्षांतली ही सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणायला हरकत नाही. पण तिच्यात एक वांधा आहे: एका वसाहतीपासून केलेली शंभर रोपं जनुकीयदृष्ट्या एकच. एका रोगाने किंवा एका उष्ण लाटेने ती सगळी बरोबरच जातात.

त्यावर उतारा म्हणजे अंडी आणि शुक्राणू. ग्रेट बॅरियर रीफवर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्री शेकडो जाती जवळजवळ एकाच वेळी अंडी सोडतात, हे १९८०च्या दशकात जगाला कळलं. ते शोधणाऱ्यांपैकी पीटर हॅरिसन पुढे त्याच रात्रींचे शेतकरी झाले. पाण्यावर तरंगणारा गुलाबी थर गोळा करायचा, तरंगत्या कुंडांत फलन होऊ द्यायचं, अळ्या काही दिवस वाढवायच्या आणि उजाड खडकावर नेऊन सोडायच्या. फिलिपिन्सच्या पंगासिनान प्रांतात, स्फोटाच्याच मासेमारीने उद्ध्वस्त झालेल्या खडकावर त्यांनी २०१३ मध्ये अशा अळ्या सोडल्या. त्यातून वाढलेल्या वसाहती पुढे स्वतः अंडी सोडू लागल्या. हे काम हातांनी फार वेळखाऊ होतं म्हणून २०१८ पासून ऑस्ट्रेलियात एक छोटं पाणबुडी-यंत्र अळ्या फवारू लागलं. लंडनमधल्या हॉर्निमन संग्रहालयाच्या टाक्यांत तर कृत्रिम चंद्र आणि कृत्रिम ऋतू देऊन प्रवाळाकडून ठरल्या रात्री अंडी घालून घेतली जातात.

आवाजाचा प्रयोग मला व्यक्तिशः फार आवडतो. जिवंत खडक गोंगाटी असतो: कोळंब्यांचे चटके, माशांची कुरकुर. मेलेला खडक गप्प. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्रेट बॅरियर रीफजवळ मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांत पाण्याखालचे स्पीकर ठेवून जिवंत खडकाचा आवाज वाजवला, तर तिथे माशांची संख्या दुप्पट झाली. २०२४ मध्ये अमेरिकी व्हर्जिन बेटांवर हाच प्रयोग प्रवाळाच्या अळ्यांवर झाला. आवाज असलेल्या जागी सरासरी १.७ पट अळ्या बसल्या. कान नसलेली अळी आवाजाकडे कशी वळते हे अजून नीट उलगडलेलं नाही. मासे आले, अळ्या आल्या, तरी त्यांना टिकायला जागा धड हवी, हे मात्र स्पीकरने बदलत नाही.

वीज सोडून प्रवाळ वाढवायची ‘बायोरॉक’ पद्धत आपल्याकडेही गाजली. वास्तुविशारद वुल्फ हिल्बर्ट्झ आणि प्रवाळतज्ज्ञ टॉमस गोरो यांची ही कल्पना. लोखंडी सांगाड्यातून कमी दाबाचा प्रवाह सोडला की पाण्यातला चुना त्यावर साचतो आणि बांधलेल्या तुकड्यांना आयता पाया मिळतो. प्रवाळ खरोखर किती वेगाने वाढतो यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. बालीच्या पेमुतेरान गावात मात्र २००० पासून ही पद्धत टिकली आणि २०१२ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथली खरी मेख विजेत नव्हती असं मला वाटतं. तिथे आधी स्फोट आणि सायनाइडची मासेमारी होत होती. गावाने स्वतःचे समुद्ररक्षक नेमले, पाणबुडे पर्यटक येऊ लागले, कालचे बाटलीवाले आज नावाडी आणि वाटाडे झाले. वीज काढून घेतली असती तरी यातलं बरंच काही राहिलं असतं.

आणि उष्णतेचं काय? तिथे कामं प्रयोगशाळेत आहेत. ऑस्ट्रेलियात शैवालालाच वर्षानुवर्षं वाढत्या उष्णतेत पिढ्यांमागून पिढ्या वाढवून मग ते प्रवाळात घालून पाहिलं, तर विरंजन सोसायची ताकद वाढलेली दिसली. पलाऊमध्ये उष्णता सोसणारे आईबाप निवडून पैदास केली. एका पिढीत फरक पडला, पण माफक, येणाऱ्या उष्ण लाटांच्या मानाने तोकडा. फिजीत ऑस्टिन बोडेन-केर्बी हे साधा मार्ग चोखाळतात: किनाऱ्यालगतच्या तापलेल्या डबक्यांत जे प्रवाळ आधीच टिकून आहेत तेच रोपासाठी घ्यायचे आणि थोड्या थंड, खोल जागी लावायचे. हॅवाईत मेरी हेगडॉर्न यांच्या गटाने प्रवाळाचे शुक्राणू गोठवून साठवले आहेत. वाईट दिवसांची तजवीज म्हणून ती साठवण हवीच, पण तिला पुनर्स्थापना म्हणू नये.

मोजमापात मात्र तंत्रज्ञानाने मोठी मजल मारली आहे. शेकडो छायाचित्रं जोडून खडकाचा त्रिमितीय नकाशा करता येतो, यंत्र चित्रातला प्रवाळ आणि शैवाल वेगळं ओळखतं, आणि २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ॲलन कोरल ॲटलस’मध्ये जगातल्या उथळ प्रवाळाचा उपग्रह-नकाशा कुणालाही फुकट पाहता येतो. ज्या गावाकडे बोट आणि एक जलरोधक कॅमेरा आहे ते गावही आता स्वतःच्या खडकाचा हिशेब ठेवू शकतं.

हा हिशेब आजवर फार कमी ठेवला गेला. २०२० मध्ये लिसा बॉस्ट्रॉम-आयनार्सन आणि सहकाऱ्यांनी ५६ देशांतल्या ३६२ प्रकल्पांची छाननी केली. लावलेल्या तुकड्यांपैकी सरासरी ६० ते ७० टक्के जगलेले दिसले, म्हणजे वाईट नाही. पण ६० टक्के प्रकल्पांत पाहणीच दीड वर्षाच्या आत संपली होती. प्रवाळाचं आयुष्य दशकांत मोजायचं असतं, अनुदानाचं वर्षांत. पोस्टरवरचा फोटो लावणीच्या दिवशीचा असतो. तिसऱ्या वर्षाचा फोटो काढायला कुणाकडे निधी उरत नाही. खर्चाचं म्हणाल तर एका अभ्यासात दर हेक्टरी मध्यम खर्च ४ लाख डॉलर निघाला. २०२५ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आलेल्या लेखानुसार बिघडलेल्या प्रवाळापैकी फक्त १० टक्के भागाला हात घालायचा तरी किमान १ अब्ज डॉलर लागतील. हे आकडे पाहून काहीजण म्हणतात की हा सगळा खेळच सोडावा आणि पैसा उत्सर्जन कमी करायला वळवावा. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण पैसा असा वळत नाही. प्रवाळावर न केलेला खर्च कोळसा बंद करायला जाईल याची हमी कोण देणार? शिवाय किनाऱ्यावरच्या गावाला खडक मासे देतो आणि लाटा अडवतो. प्रवाळखडक लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषतात असं एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं होतं. त्या गावासाठी दोन हेक्टर हेच सगळं जग असतं.

मेक्सिकोतल्या किंताना रू राज्याने याच विचाराने खडकाचा विमा उतरवला. कानकूनच्या हॉटेलांसमोरचा खडक फुटला तर पुळण वाहून जाते, पुळण गेली तर धंदा जातो, हे हॉटेलवाल्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा चक्रीवादळाचा वारा ठरलेल्या वेगापुढे गेला आणि सुमारे ८ लाख डॉलर हातात आले. नुकसान मोजत बसायची गरज नाही, वाऱ्याचा वेग हीच अट. पैसा लवकर येणं इथे फार मोलाचं, कारण तुटलेला तुकडा वाळूत पडून राहिला तर मरतो. पुएर्तो मोरेलोस आणि आसपासच्या मच्छीमार-पाणबुड्यांची आधीच तयार केलेली पथकं सिमेंट घेऊन खाली उतरली आणि तुकडे परत चिकटवू लागली. विमा, हवामानशास्त्र आणि स्थानिक हात इतके नेमके एका ठिकाणी आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बेलीझमध्ये लिसा कार्न यांनी २००१ च्या आयरिस वादळानंतर ‘लाफिंग बर्ड की’ या बेटाभोवती लावणी सुरू केली. प्लासेन्सिया गावचे मच्छीमार आणि पर्यटन-वाटाडेच तिथे लावतात, मोजतात आणि त्याचे पैसे घेतात. जपानच्या ओकिनावात ओन्ना गावची मच्छीमार सहकारी संस्था १९९८ पासून लोखंडी खांबांवर प्रवाळ वाढवते. तिथली शिकण्यासारखी गोष्ट जमिनीवर आहे. पावसात शेतातली लाल माती वाहून समुद्रात जाते आणि प्रवाळावर बसते, म्हणून बांधांवर गवताचे पट्टे लावले गेले. समुद्र सुधारायला शेतकऱ्याकडे जावं लागलं.

लाल माती म्हटल्यावर कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. पण भारतातली सुरुवात तुतीकोरिनपासून करायला हवी. मन्नारच्या आखातात २१ बेटं आणि त्यांच्या भोवती प्रवाळ. चुना आणि बांधकामासाठी तो प्रवाळ पोत्यांनी फोडून नेला जाई. २००१ मध्ये प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, आणि २००४च्या त्सुनामीनंतर लोकांनाही कळलं की खडक समोर असला की लाट मोडते. उपसा साधारण २००५ पर्यंत थांबला. तोवर दोन बेटं पाण्याखाली गेली होती. तुतीकोरिनच्या सुगंती देवदासन संस्थेने २००२ पासून तिथे लावणी चालवली आहे. वान बेट १९८६ मध्ये सुमारे १६ हेक्टर होतं, ते झिजत २ हेक्टरांच्या आसपास आलं. २०१५ नंतर त्याच्या समोर भोकं पाडलेले काँक्रीटचे ठोकळे ओळीने टाकले. लाटांचा जोर कमी झाला, झीज थांबली, आणि ठोकळ्यांवर प्रवाळही बसू लागला. उपसा हा घाव थांबला होता म्हणून हे जमलं. पण २०१६च्या उष्ण लाटेने त्याच आखातातला जिवंत प्रवाळ ३८.९ टक्क्यांवरून २२.७ टक्क्यांवर आणला. शिवाय किनाऱ्यावरच्या बायकांना रोजगार म्हणून आणलेलं कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ कुरुसडै बेटापाशी सुटलं आणि प्रवाळावर चादरीसारखं पसरलं. लोकसहभाग हा शब्द उच्चारला की सगळं हिताचंच होतं असं समजणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात ठेवावी.

कच्छच्या आखातात मिठापूरजवळ गुजरात वनविभाग आणि प्राणी सर्वेक्षण विभागाने जानेवारी २०२० मध्ये बायोरॉकचा सांगाडा बसवला. तिथलं पाणी गढूळ, भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, आणि १९८०च्या दशकाआधी सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली गेलेली. प्रयोग धाडसाचा आहे. फळाची वाट पाहू.

लक्षद्वीपची कहाणी मला या सगळ्यांत अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे लावणीचा गाजावाजा नाही. रोहन आर्थर आणि निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानचे त्यांचे सहकारी अगत्ती, कडमत आणि कवरत्तीचे खडक १९९८ पासून सतत मोजत आहेत. इतकी लांब पल्ल्याची नोंद देशात दुर्मीळच. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन उष्ण लाटांनंतर जिवंत प्रवाळ ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १९ टक्क्यांवर आला होता. दोन लाटांच्या मध्ये साधारण सहा वर्षं शांत मिळाली तर खडक स्वतःच सावरतो, असंही या नोंदी सांगतात. त्या सहा वर्षांत शैवाल चरणारे मासे लागतात, नाहीतर मोकळ्या झालेल्या चुन्यावर शैवालच राज्य करतं. आणि हे मासे तिथे टिकले, कारण बेटवाल्यांची मासेमारी खडकाची नाहीच. ते खोल समुद्रात गळाने एकेक कुप्पा ओढतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा धंदा कुठल्याही रोपवाटिकेहून जास्त प्रवाळ वाचवून गेला असेल. त्याची जागा खडकावरच्या माशांच्या व्यापाराने घेतली तर ते नुकसान भरून काढणारं तंत्र कुणाकडे नाही. २०२४ मध्ये उष्णता परत आली. शांत वर्षं पुरेनाशी झाली आहेत.

आता आपल्याकडे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं: २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी धरून. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून चालत आला, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मालवणच्या प्रवाळाचं विरंजन नोंदवलं. त्याच दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून तुतीकोरिनच्याच संस्थेने इथे काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळ लावून पाहिला. त्या प्रकल्पाचा सगळ्यात टिकाऊ भाग मात्र जाळ्याचा होता: ट्रॉलच्या शेपटीला ४० मिलिमीटर चौकोनी आसाचं जाळं, म्हणजे बारकी पिल्लं निसटून जातात. किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकार आणि ट्रॉलरवाला यांचा जुना वाद त्याने मिटला नाही, मिटणारही नव्हता. दुसरीकडे किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला येणारी गर्दी वाढली. होडीचा नांगर खडपावर पडतो, पर्यटक प्रवाळावर उभे राहतात, फोटोसाठी पाव टाकून मासे गोळा केले जातात. पावसाळ्यात खाड्यांतून उतरणारा गाळ वेगळाच. ही जखम रोज होणारी आहे. नांगर टाकायच्या जागी कायमचे बोये बांधले, वाटाड्याला परवाना देताना खडपावर पाय न ठेवू देण्याची अट घातली, तर त्याचा खर्च शंभर प्रवाळ लावण्याहून कमी येईल. आणि ते काम मालवणातले होडीवालेच करू शकतात, तुतीकोरिनहून कुणी यायला नको.

मुंबईत २०२० मध्ये किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. परवानगी रीतसर घेतली होती, काम समुद्रविज्ञान संस्थेने केलं, आणि वसाहती बऱ्यापैकी जगल्याचं सांगितलं गेलं. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे हे त्या निमित्ताने अनेकांना कळलं, हाही फायदाच. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे कार्यकर्ते ओहोटीला लोकांना याच खडकांवर फिरवत होते, म्हणून निदान प्रश्न विचारणारे तरी होते. पण उचलून नेलेली वसाहत जगणं आणि तिची जागा टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्थलांतर यशस्वी झालं म्हणून भराव चालतो, असा अर्थ त्यातून निघू लागला तर तंत्रज्ञान खडकाच्या नव्हे, ठेकेदाराच्या उपयोगाचं ठरेल.

शेवटची नोंद अशा जागेची, जिथे दुरुस्ती करावी लागलेली नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रीया बँक नावाचा बुडालेला पठारी भाग आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, आणि माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, पाणी नितळ, प्रवाळ भरघोस. २०१९च्या अखेरीला अभ्यासक आणि पाणबुड्यांची मोहीम तिथे जाऊन आली. पण ही जागा १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या खूप बाहेर पडते. मालवणसारखं अभयारण्य राज्याच्या अधिकारात तिथे जाहीर करता येत नाही. त्यासाठी १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने पाऊल उचलावं लागतं, आणि तिथे जाणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बोटींशी आधी बोलावं लागतं. १९८७ मध्ये मालवणला जे राहून गेलं ते इथे सुरुवातीलाच करता येईल.